तळ दिसेपर्यंत

रूपेशने परसात पोहायचा पूल मांडायला घेतला तेव्हाच मी त्याला म्हटलं होतं, तिथे विहीर होती. रूपेश माझा मुलगा. विहीर होती हे त्याला ठाऊक होतं, पण नेमकी जागा आठवत नव्हती. ती बुजवली तेव्हा तो नुकता चालायला लागला होता.

"होती ना? आता नाय ना?" तो म्हणाला. "आई, सगळ्या परसात तेवढाच तुकडा सपाट हाय. दुसरीकडं मांडला तर पाणी एका अंगाला पळंल."

सपाट होता, हे खरं. सासऱ्यांनी ती विहीर दगड आणि फुटकी कौलं टाकून बुजवली. वर साजगावच्या कारखान्यांकडून ट्रकने येणारी राख आणि त्यावर मुरूम. पुढे तिथे कोणी भेंडीसुद्धा लावली नाही.

पूल म्हणजे खणलेला तलाव नव्हे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा करायचा, त्यात जाड निळं प्लास्टिक टांगायचं, बोअरचं पाणी भरायचं. बाजूला फिल्टरची लहान मोटर, आत उतरायला शिडी. पाणी मोठ्या माणसाच्या कमरेला लागेल इतकं. रूपेश कारखान्यात पाळीत काम करतो. घरातल्या दोन खोल्या शनिवार-रविवारी मुंबईच्या पाहुण्यांना द्यायच्या, असं त्याने आणि वनिताने, म्हणजे माझ्या सुनेने, ठरवलं होतं. पाहुणे फोनवर आधी पूल आहे का ते विचारत. जेवणाचं नंतर.

त्या विहिरीत माझी धाकटी जाऊ गेली. तिचं नाव जया. भर दुपारी पाण्याला गेली आणि घागर तेवढी काठावर राहिली. पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं आणि गावाने ते ऐकून घेतलं. त्याच उन्हाळ्यात विहीर बुजवली.

पूल मांडला त्यावर पहिला हक्क माझ्या नातीचा, निशिगंधाचा. ती दुसरीत आहे. रूपेश कामावरून आला की तिच्या पोटाखाली हात धरून तिला पोहायला शिकवायचा. शिमगा झाला, ऊन चढलं, आणि पाणी हिरवं पडायला लागलं. आधी कडेच्या घडीत बोटाला बुळबुळीत लागायचं. मग एका सकाळी सगळंच पाणी पालकाच्या रसासारखं झालं.

रूपेश खालापूरला जाऊन दुकानदाराला विचारून आला. लांब दांड्याच्या ब्रशने त्याने प्लास्टिक घासलं, उन्हं उतरल्यावर क्लोरीनची पावडर बादलीत कालवून ओतली, मोटर चालू ठेवली. सकाळी हिरवा रंग गेला होता, पण पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं होतं. हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नव्हती. त्याने फिल्टर काढून नळाखाली धुतला. त्यातून हिरवा लगदा निघाला. पुन्हा मोटर, पुन्हा पावडर. पाणी जरा उजळायचं, की परत हिरवी झाक यायची.

"या पाण्याला माजच आलाय," रूपेश म्हणायचा.

मी दुपारी मागच्या ओटीवर भाजी निवडत बसते. तेव्हा परसातून एक आवाज यायचा. मोटर बंद, वारा नाही, पानही हलत नाही, आणि रिकामी घागर तिरकी बुडवल्यावर जसा होतो तसा घुटका घेतल्यासारखा आवाज. एकदाच यायचा. मी उठून जाऊन बघायची. पाण्यावर एक बुडबुडा फुटलेला असायचा, नाहीतर तोही नाही. मी तशीच परत यायची. कोणाला सांगणार? रूपेशने मला डॉक्टरकडे नेलं असतं.

मग एके दिवशी निशी ओलीचिंब माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजी, पाण्यात माझा पाय कोण धरतंय?"

"कोण धरणार गं? प्लास्टिकची घडी असंल."

"घडी नाय. मधे गेलं की धरतंय. खाली ओढतंय."

वनिता दारात उभी होती. तिने ऐकलं. तिच्या हातातला टॉवेल खाली पडला होता आणि तिला ते कळलं नव्हतं.

पुढे ती मला दिवसभर पाण्याच्या आसपास दिसायला लागली. एका दुपारी रूपेश कामावर, निशी शाळेत. मी नेहमीसारखी आवाज ऐकून परसात गेले तर वनिता शिडीवर चढलेली. हातात वाटी. वाटीतलं दूध तिने पाण्यात सोडलं, मग ताटलीतला भात मूठ मूठ टाकला, आणि हात जोडले.

"वनिता, काय चाललंय गं?"

ती दचकली. वाटी पदराआड गेली. "काय नाय, आई."

"काय नाय तर वाटी लपवतेस कशाला?"

ती खाली उतरली. "त्या बाईंना दिलं."

"कोणत्या बाईंना?"

"तुमच्या जावेला. तुमी कुणी मला सांगितलं नाय. माझ्या आईला भिसेगावात ठाऊक होतं, लग्न ठरवताना."

"आनि तरी दिली तुला या घरात?"

"तुमची शेती बघून दिली," ती म्हणाली, आणि तशातही तिला हसू आलं. लगेच डोळे भरले. "आई, ती निशीचा पाय धरते. तिला काय हवंय ते दिलं तर सोडंल, म्हणून देते. तुमी बोलू नका यांना."

मी पाण्याकडे पाहिलं. दुधाचा ढग पसरत होता. भाताची शितं हळूहळू खाली जात दिसेनाशी झाली.

"रोज देतेस?"

"रोज नाय. पण देते. कधी साखर पण."

"अगं बाई, तू तिला जेवायला घालतेस आनि जेवतंय शेवाळ. तिकडं तो पावडरी टाकून दमला. आनि जयाला दूध कुठं चालायचं? वासानं उलटी यायची तिला."

वनिताने रिकामी वाटी पदराने पुसली. मग म्हणाली, "देणं थांबवलं आनि निशीला काय झालं तर?"

मलाही तीच भीती होती. शनिवारी पाहुणे येणार होते, त्यांच्याबरोबर तीन लेकरं. रूपेशने त्यांना पाणी काचेसारखं होईल असं सांगून ठेवलं होतं. त्या पांढऱ्या पाण्यात एखादं पोर बुडी मारून खाली राहिलं, तर काठावर उभं राहूनसुद्धा कोणाला दिसलं नसतं. मी हेच वनिताला सांगितलं.

"निवळू दे पाणी. तळ दिसेपर्यंत निशी आत जायची नाय. मग आपण दोघी बघू खाली काय हाय ते."

"आनि काय दिसलं तर?"

"तर दिसंल."

त्या संध्याकाळी रूपेशला मी एवढंच सांगितलं की पाण्यात भाताची शितं होती, आता पडणार नाहीत. त्याने बायकोकडे पाहिलं. ती चुलीकडे वळली. तो काय समजायचं ते समजला असावा. भांडण केलं नाही. फक्त म्हणाला, "भात टाकायचा तर कोंबड्या पाळल्या असत्या."

मग तिघांनी मिळून पाणी ताळ्यावर आणायला घेतलं. जाळीने तरंगता कचरा उचलला. प्लास्टिक वरपासून खालपर्यंत घासलं. रूपेशने पावडर टाकली आणि वास निवेपर्यंत कोणी जवळ गेलं नाही. फिल्टर धुतला, लावला, परत धुतला. हिरवं मेलं आणि पांढरं उरलं तेव्हा त्याने तुरटी बादलीत विरघळवून कडेकडेने ओतली, पाणी एकदा सावकाश ढवळलं आणि मोटर बंद केली. नाहीतर गाळ बसत नाही, असं दुकानदाराने बजावलं होतं. पाणी नुसतं ठेवलं, हात लावायचा नाही. त्या दुपारी घागरीचा आवाज दोनदा आला. वनितानेही ऐकला. तिने माझा दंड धरला, पण आम्ही ओटीवरून उठलो नाही.

सकाळी पाण्याखाली राखाडी गाळ साईसारखा बसला होता. रूपेशने कामावर जाण्याआधी लांब पाईप लावून तो हलक्या हाताने ओढून बाहेर सोडला. घाईत होता, खाली बघितलं नाही. तो गेल्यावर ऊन परसातल्या चिंचेच्या वर आलं आणि थेट पाण्यात पडलं. मी आणि वनिता काठाशी गेलो.

तळ दिसत होता. निळं प्लास्टिक, त्यावरच्या शिवणी, कोपऱ्यात निशीची हरवलेली केसांची पिन. आणि मध्यापासून जरा बाजूला एक गोल. कंपासने काढल्यासारखा. त्या गोलाच्या आत प्लास्टिक खाली गेलं होतं, ताणून गुळगुळीत झालं होतं, आणि तिथलं निळं बाकीच्यापेक्षा काळसर होतं.

मी शिडी धरली. तो गोल मी ओळखला. त्या गोलावर वाकून मी वर्षानुवर्षं दोर ओढला होता.

"आई," वनिता हळू आवाजात म्हणाली, "निशी तिथंच उभी राहायची. पाय धरतंय म्हणायची ती तिथंच."

रूपेश आला तेव्हा आम्ही त्याला पाण्यापाशी नेलं. त्याने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "वीतभर माती बसली असंल. पाहुणे गेले की पूल हलवतो. शनिवार काढू या."

"लेकरं उतरवणार त्यात?"

"आई, कमरेइतकं पाणी हाय. हे बघ."

त्याने सदरा काढला आणि उतरला. चालत चालत गोलाशी गेला, एक पाय आत टाकला, मग दुसरा. पाणी कमरेवरून छातीला आलं. तो हसत आमच्याकडे वळला आणि तसाच थांबला. हसू गेलं. हात पसरून तो मागे मागे सरकला, शिडीला आला, वर चढला. काठावर बसल्यावर त्याचे दात वाजत होते, इतक्या उन्हात.

"पायाखाली काय नाय," तो म्हणाला. "प्लास्टिक हाय आनि खाली काय नाय."

त्यानेच खालचं बूच काढलं. पाणी परसातून बांधाकडे जायला हवं होतं. थोडं गेलं. बाकीचं सांगाड्याच्या पायाशीच मुरत राहिलं, जमीन पीत राहिली. आम्ही निशीला घेऊन ओटीवर उभे राहिलो. अर्धं पाणी गेलं असेल नसेल, तोच घागरीचा आवाज आला, पण या वेळी लांबलचक, थांबेचना. प्लास्टिकचा मधला भाग खाली गेला. एका बाजूच्या लोखंडी नळ्या माना टाकल्यासारख्या आत वाकल्या. उरलेलं पाणी फाटलेल्या प्लास्टिकमधून खाली कोसळलं, आणि किती खोल पडलं ते ऐकू आलं.

धूळ बसल्यावर रूपेश दोर कमरेला बांधून, दुसरं टोक चिंचेला अडकवून जवळ गेला. परत येऊन म्हणाला की राख सगळी खालच्या दगडांच्या फटींतून वाहून गेली आहे, वरचा मुरूम नुसता पापडासारखा राहिला होता. विहिरीचं दगडी बांधकाम जसंच्या तसं आहे. खाली पाणी आहे.

वनिताने निशीला इतकं घट्ट धरलं होतं की पोर कण्हली.

रूपेशचा फोन वाजत होता. पाहुण्यांचा असणार. त्याने बघितला नाही. तो माझ्या पायाशी ओटीच्या पायरीवर बसला आणि स्वतःलाच समजावल्यासारखा म्हणाला, "तशी निशीला पोहता यायला लागलंय. आत गेली असती तरी हातपाय मारले असते तिनं."

मी त्याच्या ओल्या डोक्याकडे पाहत होते. उत्तर न देता राहता आलं असतं.

"जयाला पोहता येत होतं," मी म्हटलं. "पाताळगंगेच्या काठची पोर ती. पुरात पलीकडं जायची."

  परसात माती अजून मधूनमधून सुटून खाली पडत होती.

"मग कशी गेली काकू?" त्याने विचारलं.

"ठाऊक नाय. कुणी विचारलं नाय."

"आता विचारतोय ना मी."

निशी आमच्याकडे टक लावून बघत होती. वनिता तिला उचलून घरात न्यायला उठली, मग काय वाटलं कोण जाणे, परत खाली बसली. जया या घरात आली त्या दिवसापासूनचं सगळं मी सांगायला घेतलं.