तिसरा हात

“बाई, त्या गोळ्या कुठे पळून जात नाहीत. आधी आत या!”

मावशीने प्रसूतिगृहाच्या दारातून हाक दिली. तिथली लादी पुसण्यात तिची हयात गेली होती. कोण नुसती विव्हळते आहे आणि कोण मोकळी व्हायच्या बेतात आहे, हे तिला आवाजावरून कळे.

मोठ्या सिस्टरांनी औषधांचे टेबल न सोडता गळ्याभोवतीच्या विणलेल्या पांढऱ्या पट्टीवर बोट दाबले. पट्टीखाली, गळ्याच्या खळगीत, एक छिद्र होते. कर्करोगाबरोबर स्वरयंत्रही काढावे लागले, तेव्हाचे. श्वास तिथूनच चाले. बोलायचे तर ते बोटाने झाकावे लागे. मग छातीतली हवा आतल्या बारीक झडपेतून घशात चढे आणि तिचे शब्द होत.

“डॉक्टरीणबाई?” आवाज जाडाभरडा, दळणातल्या खड्यासारखा.

“ऑपरेशनला उभ्या आहेत. दोघी नर्सही तिकडेच. म्हणाल्या, मोठ्या सिस्टरना सांग.”

“मला टेबल दिलंय.”

“टेबलाला बाळ होत नसतं, बाई!”

एके काळी या बाईंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. मावशी त्याला भोंगा म्हणे, तेही तोंडावर; दोघींचे सख्य विळ्याभोपळ्याएवढे. पण त्याच भोंग्याच्या आधाराने कितीतरी घाबरलेल्या पोरी आई होऊन घरी गेल्या होत्या. मोठेपण आवाजात नसते असे म्हणणाऱ्यांनी कधी बाळंतपण केलेले नसते.

आजार हटला, तपासण्या स्वच्छ आल्या. सगळे म्हणाले, वाचलात! वाचल्या, हे खरेच. पण कशासाठी, हे कोणी सांगेना. हातमोजे चढवले की तो हात गळ्याला लावायचा नाही. म्हणजे काम करायचे तर मुके राहायचे, आणि बोलायचे तर हात आखडायचा. बाळंतिणीला दोन्ही लागते. म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाहेरचे टेबल दिले होते, आणि शोभेची बाहुली होणे रक्तातच नसल्यामुळे बाईंनी कळवून टाकले होते की या आठवड्याअखेर आपण घरी बसणार. आणखी एक गोष्ट त्यांनी कळवली होती, घरीदारी सर्वांना : माझ्या गळ्याला कोणी हात लावायचा नाही. पोटच्या मुलीलाही ती मुभा नव्हती. छिद्राची स्वच्छता त्या दाराला कडी घालून, आरशासमोर, एकट्या करीत.

आतून पुन्हा किंकाळी आली. बाई उठल्या.

पहिलटकरीण होती. खाटेची कड धरून तिची बोटे पांढरी पडली होती.

“मी सांगेन तेव्हा जोर लावायचा, सांगेन तेव्हा थांबायचं,” बाई पट्टी दाबून म्हणाल्या. “कळलं?”

पोरगी त्या आवाजाने दचकली, पण तिने मान हलवली. बाईंनी हात धुतले, मोजे चढवले आणि त्या मुक्या झाल्या.

काही वेळ डोळ्यांनी निभावले. मग डोके बाहेर आले, आणि बाळाच्या मानेभोवती फिरवलेले बोट नाळेच्या वेढ्यात अडकले. वेढा डोक्यावरून सोडवायला हवा होता, आणि तोवर पोरीने जोर लावता कामा नये. तिचे डोळे तर घट्ट मिटलेले. बाईंनी मावशीकडे पाहून भुवया ताणल्या.

“जोर लाव म्हणतायत गं!” मावशी ओरडली. “लाव जोर!”

बाईंनी मान अशी हलवली की टोपी खाली पडली. एक हात डोक्याला, दुसरा नाळेला. पोरगी जोर लावायला छातीत श्वास भरून घेऊ लागली होती. बाईंनी मावशीसमोर हनुवटी वर उचलली आणि गळा पुढे केला.

मावशी क्षणभर थबकली. मग तिने स्वच्छ कापडाची घडी उचलली, पट्टी खाली ओढली आणि घडी छिद्रावर धरून अंगठा टेकवला.

“थांब! जोर नको!”

पुढचा श्वास घ्यायला वाटच नव्हती. बाईंचे डोळे मोठे झाले.

“अगं बाई, चुकलंच!” मावशीने अंगठा उचलला. छाती भरली. अंगठा पुन्हा टेकला.

“तोंड उघड. नुसत्या धापा टाक. हा हा हा, अशा.” अंगठा वर, श्वास आत, अंगठा खाली. “अश्शी. गुणाची माझी ती.”

बोटांनी वेढा अलगद डोक्यावरून काढला.

“आता लाव जोर. लाव!”

बाळ हातात आले ते निळसर आणि गप्प. बाईंनी त्याची पाठ चोळली, पुन्हा चोळली. मग खोलीभर टाहो उठला.

“घ्या,” मावशी डोळे पुसत म्हणाली, “दुसरा भोंगा आला.”

डॉक्टरीणबाई धावत आल्या तेव्हा बाळ आईच्या छातीवर होते. त्यांची नजर बाळावरून आईवर आणि मग मावशीच्या हातातल्या घडीवर गेली.

“मोठ्या सिस्टर,” त्या हळूच म्हणाल्या, “आठवड्याअखेर जायचं म्हणत होतात. तसंच ना?”

बाईंचे मोजे केव्हाच उतरले होते. हात धुऊन, पुसून कोरडे झाले होते. दोन्ही अगदी रिकामे. ते त्यांनी तसेच राहू दिले आणि मावशीकडे वळून हनुवटी वर केली.

मावशीने कापडाची नवी घडी घेतली.