स्क्रू उघडून केलेलं दान

नवीन पनवेलच्या दिनानाथरावांच्या घरातून कुठलीही वस्तू सुखासुखी बाहेर जात नसे. बिघडलेल्या मिक्सरची भांडी, तीन जुने चार्जर, कधीच विकून टाकलेल्या कपाटाच्या किल्ल्या, सगळं 'असू दे, लागेल कधीतरी' या एका मंत्रावर माळ्यावर नांदत होतं. तुमच्या-आमच्या घरी तरी वेगळं काय असतं म्हणा!

अशा या गृहस्थांनी २०१५च्या जानेवारीत चक्क लॅपटॉप दान करायचं ठरवलं. लॅपटॉप छोटासा, दहा इंची, स्वस्तातला. मुलगा वरद डिप्लोमाला गेला तेव्हा घेतलेला. सुरुवातीला तो फार रखडायचा. मग त्यांनी त्यात जास्तीची रॅम टाकून घेतली, जुनी हार्डडिस्क काढून वेगवान एसएसडी बसवली. तेव्हापासून तेच यंत्र असं पळायला लागलं की वरदचा डिप्लोमा त्यावरच पुरा झाला. आता तो मोठा लॅपटॉप घेऊन पुण्याला इंजिनिअरिंगला गेला होता. घरी मासे आणणाऱ्या, कोळीवाड्यातल्या भीमाबाईंची रोशनी त्याच डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. तिलाच द्यायचं ठरलं.

पण द्यायच्या आदल्या दिवशी दिनानाथराव स्क्रूड्रायव्हर घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले.

"अहो, हे काय करताय?" पद्मजाताईंनी विचारलं.

"रॅम आणि एसएसडी काढून घेतोय. चांगल्या आहेत, लागतील कधीतरी. जुने पार्ट ठेवलेत, ते बसवतो."

"मग ती पोर त्यावर काम कसं करणार?"

"धर्माच्या गायी आणि दात का गं नाही! फुकट मिळतंय त्यात खोट काढू नये."

सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या सत्यनारायणाच्या पूजेत सगळ्यांसमोर लॅपटॉप दिला गेला. टाळ्या झाल्या. भीमाबाईंनी पदरानं डोळे पुसले. अध्यक्षांनी दिनानाथरावांना 'आदर्श नागरिक' म्हटलं आणि दिनानाथरावांनी ते खरंही मानलं.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी मायलेकी दारात उभ्या राहिल्या. भीमाबाईंच्या डोक्यावर टोपली नव्हती. रोशनीच्या हातात ओढणीत गुंडाळलेला लॅपटॉप होता आणि तिचे डोळे सुजलेले होते.

"साहेब, ह्यो तुमचा परत घ्या," भीमाबाई म्हणाल्या. "पोरीनं वाट लावली त्याची. तुमच्याकडं पळत व्हता, आमच्याकडं येऊन पार बसलाय."

"सॉरी काका," रोशनी मान खाली घालून म्हणाली. "मी खरंच काही केलं नाही. पण प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर उघडलं की हँगच होतो. सरांसमोर डेमो होता, सगळे नुसतं स्क्रीनकडे बघत बसलो. शुक्रवारी शेवटचा चान्स दिलाय. नाहीतर प्रोजेक्टमध्ये नापास. माझ्याच हातून काहीतरी बिघडलं असेल."

दिनानाथरावांना कळायचं ते कळलं. तरी ते हसून म्हणाले, "अगं, जुनं यंत्र आहे. चालायचंच."

"चालायचं कसं?" भीमाबाई म्हणाल्या. "दुसऱ्याची चांगली वस्तू नासवली म्हनून मी कानाखाली दोन मारल्या हिच्या. एवढी मोठी पोर हाय, तरी मारल्या. तुमच्यासमोर तोंड दाखवायची लाज वाटत व्हती मला."

लाज कुणाला वाटायला हवी होती आणि वाटत कुणाला होती! पद्मजाताई स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. गप्प बसलं असतं तर कोणालाही काही कळलं नसतं. पण समोरची पोर त्यांच्यापायी मार खाऊन वर त्यांचीच माफी मागत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"भीमाबाई, रोशनीनं काही बिघडवलेलं नाही! तो मीच बिघडवून दिला." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

भीमाबाईंनी रोशनीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "साहेब, मासा इकताना आमी कल्ला उघडून दावतो. नरम पडलेला असला तर तसं सांगतो, नायतर मांजरीला टाकतो. कुनाला फुकट दिला तरी फसवून देत नाय. तुमी नाय दिला असता तर पोरीनं कॉलेजात बसून काम केलं असतं, मी परत तुमचं नाव पन काढलं नसतं. तुमी देऊन तिला माज्या नजरंतनं उतरवलीत. गरिबाला फुकट दिलं म्हंजे त्यानं तोंड मिटून घ्यायचं, आसं हाय का?"

"चुकलो मी. माफ करा."

"माज्याकडं नको. मार तिनं खाल्लाय."

ऑफिसात ज्यांच्यासमोर माणसं अदबीनं उभी राहत, त्या त्रेपन्न वर्षांच्या दिनानाथरावांनी एकोणीस वर्षांच्या मुलीपुढे हात जोडले. "पोरी, मला माफ कर."

रोशनीला कुठे बघावं ते कळेना. ती एवढंच म्हणाली, "काका, पार्ट आहेत का अजून?"

पद्मजाताईंनी काढून ठेवलेल्या पार्टचा डबा आणून दिला. दिनानाथराव स्क्रूड्रायव्हर घ्यायला गेले तेव्हा रोशनीनं त्यांना थांबवलं. "मी बसवते. मला येतं." तिनं बॅटरी काढली, झाकण उघडलं, जुने पार्ट बाजूला ठेवले आणि नवे नीट बसवले. बटण दाबल्यावर बघता बघता पडदा उजळला. वरदच्या डिप्लोमाचं सॉफ्टवेअर एसएसडीवर होतंच; तिनं पेनड्राइव्हवरचा आपला प्रोजेक्ट त्यात उघडला, चालला! रोशनी हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

भीमाबाईंनी तिला जवळ ओढलं. "माजंबी चुकलं गं बाय. इचारायच्या आदी हात उगारला."

जाताना रोशनी दारात थांबली. "काका, शुक्रवारी डेमो झाला की सांगायला येईन."

दिनानाथरावांना मान वर करवेना. तिनं चार शब्द सुनावले असते तर ते सोसलं असतं, हे मात्र सोसवत नव्हतं.

वाचकहो, हा दोष एकट्या दिनानाथरावांचा नाही. विटलेले कपडे, चेन तुटलेली दप्तरं, पानं फाटलेली पुस्तकं आपणही अशीच देतो आणि वर आभाराची वाट बघतो. घर साफ करणं वेगळं आणि दान करणं वेगळं. जी वस्तू आपण आपल्या लेकराच्या हातात ठेवणार नाही, ती दुसऱ्याच्या लेकराच्या हातात ठेवू नका. मन होत नसेल तर सरळ नाही म्हणा. नाही म्हटल्यानं कुठल्याच पोरीला आईचा मार खावा लागत नाही.