वरच्या खिळ्यावरची म्हातारी

"पापा, या म्हातारीला एकदा नीट रंगवत का नाही तुम्ही?"

प्रश्न विचारला तोगझाननं, पण तो होता काम्शात आणि रिम्माचा. दोघी मैत्रिणी शेडच्या दाराबाहेर सायकलींना टेकून, ओठ दाबून उभ्या होत्या. "हिंमत असेल तर विचारून दाखव," असं म्हणून त्यांनीच तिला आत ढकललं होतं. कारण तिच्या बापाला, बेकसुलतानला, त्याच्या गळाला लावायच्या लाकडी माशांबद्दल काहीही विचारा, तो हातातला घास ठेवून बोलत बसायचा. फक्त वरच्या खिळ्यावरच्या त्या एका माशाचं, म्हातारीचं, नाव काढायचं नाही. रिम्माच्या काकानं एकदा सहज म्हटलं होतं, आण इकडे, देतो रंगवून. तेव्हा बेकसुलताननं त्याला दंडाला धरून शेडबाहेर नेऊन सोडलं होतं, चहासुद्धा न विचारता. आणि पाहुण्याला चहा न विचारता परत पाठवणं म्हणजे आमच्या सरोवराकाठी जवळजवळ थोबाडीत मारण्यासारखंच.

म्हातारी दिसायला खरोखरच वाईट होती. वाळुंजीच्या लाकडाची, बोटाएवढी, रंग उडालेली, एक डोळा गेलेला. दोन्ही कुशींवर सुडाक या शिकारी माशांच्या सुळ्यांची भोकं. बाकीच्या खिळ्यांवर तोगझानच्या हातचे मासे लटकत होते आणि त्यांच्यापुढे ती एखाद्या लग्नघरी चुकून शिरलेल्या भिकारणीसारखी वाटायची.

बेकसुलताननं चाकूवरून नजर उचलली नाही. "कशाला? तिला कुठं लग्नाला जायचंय?"

बाहेर दोघी खो खो हसल्या. तोगझान जिंकल्यासारखी बाहेर आली.

"ओरडले नाहीत," काम्शात म्हणाली, जराशी निराश होऊन.

"माझ्यावर कशाला ओरडतील? त्यांचे मासे विकले जातात ते कुणामुळे?"

हे अगदीच खोटं नव्हतं. गेल्या वर्षापर्यंत वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारी ही मुलगी. उन्हाळ्यात एकदा बापानं कोरलेल्या माशावर तिनं चॉकलेटची चांदी चिकटवली, त्यावर आईच्या फाटक्या पडद्याची जाळी ताणून रंग फवारला, आणि जाळी उचलली तर खाली खवलेच खवले. मग डोळे, मग कल्ल्यांवर लाल फराटा. धक्क्यावरचे गळवाले आता विचारू लागले होते, "बेकसुलतान, पोरीच्या हातचा आहे का?" तेव्हापासून तोगझानचा हात वर्गात बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत वर जायचा. कधीकधी उत्तर माहीत नसतानाही.

आणि पापा 'नाही' म्हणाले नव्हते. लग्नाला जायचं नाही असं म्हणाले होते. तिनं ठरवलं, म्हातारीला नवरी करायची.

म्हातारीचं काम काय, हे तिला माहीत होतं. अंगणात पाण्यानं भरलेला जुना लांबट टब होता. नवा मासा तयार झाला की बेकसुलतान एका काठीच्या दोऱ्याला तो बांधायचा, दुसरीच्या दोऱ्याला म्हातारी, आणि दोघांना शेजारी शेजारी टबभर ओढत न्यायचा. म्हातारी जशी डोकं हलवत, कुशी चमकवत चालायची, तसा नवा मासा चालला पाहिजे. नाही चालला तर त्याच्या नाकावरची तारेची कडी पकडीनं किंचित वाकवायची आणि पुन्हा ओढायचा. म्हातारी कोरली होती गेना मास्तरनं. कारखान्याच्या भट्टीवर बेकसुलतानच्या बरोबर कामाला असलेला हा जर्मन म्हातारा त्याला हे काम शिकवून बायकामुलांसकट जर्मनीला निघून गेला होता. हे सगळं तोगझानला माहीत होतं. तिला एवढंच वाटलं की चाल लाकडात असते. वरून नवा झगा घातला तर माणसाची चाल थोडीच बदलते?

पापांची रात्रपाळी चालू होती. दिवसा ते झोपायचे, शेडकडे फिरकायचे नाहीत. तिनं म्हातारीला पॉलिश पेपरनं घासलं, सुळ्यांची भोकं भुशाच्या आणि डिंकाच्या लगद्यानं बुजवली, चांदी लावली, खवले पाडले. पाठीला सरोवराचा हिरवा रंग दिला, तोही तिथला, जिथं उथळ पाणी संपून एकदम खोल होतं. हरवलेला डोळा परत आला. मग लाखेच्या बरणीत बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. एरवी दोनदा पुरे होतं. म्हातारीसाठी तिनं हात आखडता घेतला नाही.

काम्शात आणि रिम्मा बघायला आल्या आणि वाकून वाकून बघत राहिल्या.

"पाण्यात टाकून दाखव की," रिम्मा म्हणाली.

टाकली. ओढली. म्हातारी कुशीवर पडली आणि टबच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मेलेल्या माशासारखी घसटत आली.

"अशीच चालते का ती?" काम्शातनं विचारलं.

"थांब गं. कडी वाकवायची असते."

मैत्रिणींसमोर हार कशी मानायची? तिनं पकड घेतली. कडी डावीकडे वाकवली, म्हातारी उजव्या भिंतीवर जाऊन आपटली. उजवीकडे वाकवली तर गोल फिरू लागली. मग अजून थोडी, मग परत, मग खाली. शेवटी एकदाची ती सरळ निघाली. डोकं हलवत नव्हती, पण सरळ निघाली. तोगझाननं तिला पुसून वरच्या खिळ्यावर टांगलं आणि स्वतःला सांगितलं, झालं.

रविवारी बेकसुलतान दोन कोरे मासे घेऊन शेडमध्ये शिरला. ती मागोमाग गेली. त्यानं सवयीनं हात वर नेला, आणि हात तिथंच राहिला.

मग तो म्हणाला, "छान झालीय."

"आवडली?"

"डोळा तर फार छान काढलायस."

तो इतक्या सभ्यपणे कधीच बोलायचा नाही.

टबापाशी त्यानं म्हातारीला एकटीलाच बांधलं. एकदा ओढलं. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून, दोरा बोटावर घेऊन. अंगणात कपडे वाळत घालणारी आई, बात्येश, हातातली चादर तशीच धरून बघत राहिली.

"लाखेनं जड झालीय," तो म्हणाला. "घाबरू नकोस, माझ्या लाडक्या उंटाच्या पिल्ला. घासून काढू. हळूहळू घासायचं, दर थोड्या वेळानं पाण्यात बघायचं. कडी जागेवर आहे ना, मग चाल कुठं जाणार नाही. गेनानं ती कडी बसवली, त्यानंतर मीसुद्धा तिला पकड लावलेली नाही."

तोगझानला गप्प राहता आलं असतं. कुणाला कळणार होतं?

"कडी मी वाकवली."

"किती?"

"आधी डावीकडे. मग उजवीकडे. मग... खूपदा. आठवत नाही, पापा."

त्यानं मान हलवली. काठी टबावर आडवी ठेवली. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडण्याचं तिच्याकडे उत्तर असायचं, आजकाल तर भरपूर असायचं.

"गेना मास्तरला फोन करू या," ती घाईनं म्हणाली. "ते सांगतील. त्यांना व्हिडिओवर दाखवू."

"केला होता मागं, असाच. म्हातारीबद्दल बोलायला लागलो तर मला म्हणतो, कुठली रे? असले मी टोपलीभर केले." बेकसुलतान हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "त्याच्यासाठी ती टोपलीतली एक. पोहते कशी, हे त्याला कुठं आठवणार?"

"तुम्ही त्या दिवशी सरळ 'नाही' का म्हणाला नाहीत?" तिला एकदम रडू फुटलं. "मी विचारलं होतं."

"विचारलं होतंस." तो टबाच्या काठावर बसला. "तुझ्या मैत्रिणी बाहेर हसत होत्या, मलाही वाटलं आपणही जरा हसवावं. नीट सांगायला हवं होतं."

दिवसभर दोघांनी मिळून लाख घासली. आधी तिनं पाडलेले खवले गेले, मग हिरवी पाठ गेली, मग डोळा. बुजवलेली भोकं टोकरून मोकळी केली. संध्याकाळी म्हातारी पुन्हा कुरूप झाली, जवळजवळ पहिल्याइतकी. पाण्यात सोडली तर चालली, डोकंही हलवलं. पण ती दुसऱ्याच कुणाची तरी चाल होती. बेकसुलताननं कडीकडे एकदा निरखून पाहिलं आणि पकड खिशात घातली.

रात्री जेवण झाल्यावर चहा आला. दुधाचा, वाडग्यांत, सोबत तळलेल्या कणकेचे बाउरसाक. बेकसुलतान नेहमीप्रमाणे वाडग्याच्या काठावर बोट आपटत होता. टक-टक, जरा थांबून टक, पुन्हा टक-टक.

"अहो, बोट आवरा," बात्येश म्हणाली. तीही नेहमीप्रमाणेच. "लग्न झाल्यापासून ऐकतेय. चहा हिंदकळतोय बघा."

बोट थांबलं.

तोगझाननं आपला बाउरसाक खाली ठेवला. टबापाशी डोळे मिटून दोरा धरलेला बापाचा हात तिला आठवला. हेच बोट. दोऱ्याखाली हेच.

"पापा, परत वाजवा."

"काय?"

"ते. आत्ता वाजवत होतात ते. ती असंच डोकं हलवायची ना?"

बेकसुलतान आपल्याच बोटाकडे बघत राहिला, जणू ते कुणी टेबलावर विसरून गेलं होतं. मग हळूच त्यानं ते वाडग्यावर टेकवलं. टक-टक. थांबा. टक. या वेळी जरा अडखळत, आठवून आठवून.

"आता लक्ष देऊन वाजवलं की चुकतंय," तो म्हणाला.

"मग लक्ष देऊ नका." तोगझान उठून उभी राहिली. बसून असलं काही सांगता येत नाही असं तिला वाटलं. "ऐका, माझं ठरलंय. वसंतापर्यंत मी रंगाला हात लावणार नाही. धक्क्यावर कुणी विचारलं तर सांगा, पोरगी रंगवत नाही. मी चाकू धरणार. मी नवी म्हातारी कोरीन, तुम्ही दोरा धरा आणि चाल जुळेपर्यंत 'नाही' म्हणत जा. हजारदा म्हणा, पण विनोद न करता म्हणा. आणि आई, पापांचं बोट आता कुणी थांबवायचं नाही. चहा सांडला तर मी पुसेन."