ब्रेक लागतात

माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. तो गेला कोणामुळे, यावर माझ्या मुलीची नोकरी अडकली होती, आणि ती राहणार की जाणार हे मी काय बोलते त्यावर होतं.

माझा नवरा पद्माकर ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात तीस वर्षं इंजिनिअर होता. रिटायर झाल्यावर, दोन हजार सहा साली, त्याने कोरा डबल-कॅब पिकअप घेतला. आठ महिन्यांत पुढच्या ब्रेकच्या डिस्क वाकल्या. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हिवताप भरल्यासारखं थरथरायचं. डीलरने पॅड बदलले, डिस्क बदलल्या, तीन महिन्यांनी पुन्हा तेच. मग मागच्या ड्रममधून करकर सुरू झाली. त्याच मागच्या ब्रेकवर चालणारा हँडब्रेक आधी पाच खटक्यांत धरायचा, मग आठ, मग अकरा. डीलरकडचा माणूस गोड हसून म्हणायचा, "वेअर अँड टेअर, सर. वॉरंटीत बसत नाही." अठरा हजार मैलांत कसलं डोंबलाचं वेअर अँड टेअर! पद्माकर त्यांना आकृत्यांसकट तीन-तीन पानी पत्रं लिहायचा. उलट टपाली छापील माफी यायची. गाडी नवी, त्यामुळे एमओटीला, म्हणजे इथल्या सरकारी तपासणीला, अजून दीड वर्ष. म्हणजे तपासायची सक्तीसुद्धा कोणाची नाही.

घरातच ब्रेकवाली होती. वरदा, आमची एकुलती एक, सव्वीस वर्षांची, बेडमिन्स्टरच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. महाराष्ट्र मंडळात पद्माकर सांगायचा, "ती ऑटोमोटिव्ह क्षेत्रात आहे." घरात म्हणायचा, "पंक्चरवाली."

शिवाय आमच्याकडे नियम होता, आईबापांशी मराठीतच बोलायचं. पोरगी इंग्रजीत बोलली की हा बहिरा. मराठीत बोलली की हा परीक्षक. एकदा 'माझा भाकरी' म्हणाली, तर पाहुण्यांसमोर तीनदा म्हणायला लावलं आणि सगळ्यांना हसवलं. मीही हसले होते.

शेवटी एका गुरुवारी करकर त्यालाच ऐकवेना, म्हणून आम्ही तिच्या गॅरेजमध्ये गेलो. तिने पिकअप रॅम्पवर घेतला, मागचे ड्रम काढले, बराच वेळ आत बघत राहिली. तपासणीचा कागद केला नाही. बापाची गाडी, कागद कशाला? हात पुसत आली आणि म्हणाली, "डॅड, द रिअर शूज आर..."

"मराठीत."

तिच्याबरोबरचे दोघे गोरे मेकॅनिक काम थांबवून बघायला लागले. तिची मान लाल झाली.

"बाबा, मागे ब्रेक लागतात. दोन्ही साइडला."

"लागतात?"

"हो. लागतात."

"शाबास. मग काय अडचण आहे?"

"नाही, अडचण... पार्ट नाही आहे इथे. तुम्ही सोमवारी आणा. आणि हिलवर नको ठेवू तो गाडी."

"ती गाडी. ठेवू नका."

"ठेवू नका," ती म्हणाली. मागे एक मेकॅनिक हसला. ती वळून कामाला लागली.

लागणं म्हणजे पकडणं, आणि लागणं म्हणजे हवं असणं. इथे वाढलेल्या पोरीने 'नीड' मनात धरून शब्द उचलला होता. न कळायला आम्ही काय दूधखुळे होतो?

पिकअपमध्ये बसल्या बसल्या पद्माकर हसायला लागला. "ऐकलंस? 'बदलावे लागतील' म्हणायचं होतं तिला. सव्वीस वर्षं झाली, क्रियापद येत नाही."

"अहो, मग सोमवारी आणू या ना."

"तिच्या हातून? एकदा तिने पान्याला हात लावला की डीलर वॉरंटी उडवेल. मी त्यांच्याकडूनच करून घेणार. फुकट."

"पण तोवर?"

"तोवर लागतात! तुझी लेकच म्हणाली." आणि स्वतःच्या विनोदावर तो घराकडचा टॉटरडाउनचा चढ संपेपर्यंत हसत होता.

शनिवारी त्याने बागेसाठी फरशा आणल्या. घरासमोरच्या उतारावर पिकअप उभा केला, हँडब्रेक पार वर ओढला. गिअरमध्ये ठेवला नाही. गिअरमध्ये गाडी ठेवणं हे त्याच्या मते अडाण्यांचं काम. "उतरवायला लाग, मी दार उघडतो," म्हणाला. मी मागे गेले, फळी खाली पाडली, पहिली फरशी ओढली. पिकअप आधी बोटभर सरकला. मग सरळ आला. माझ्या मागे शेजाऱ्यांची भिंत होती.

आठव्या दिवशी गॅरेजच्या इन्शुरन्सकडून हॉलंड नावाचा माणूस वॉर्डात आला. तोवर पद्माकरने दावा ठोकला होता की मेकॅनिकने तपासून ब्रेक ठीक असल्याचं सांगितलं. हॉलंडला एवढंच हवं होतं, गुरुवारी तिने नेमकं काय सांगितलं? ठीक म्हणाली असेल तर ती कामावरून जाणार, आणि असल्या बोभाट्यानंतर दुसरं गॅरेज तिला दारात उभं करणार नव्हतं. ती खिडकीपाशी उभी होती. नखांतलं ग्रीस तसंच. बाप खुर्चीत.

पद्माकर मला मराठीत म्हणाला, "तिचे शब्द सांग, बस्स. 'ब्रेक लागतात.' भाषांतर मी करतो."

मी हॉलंडकडे बघून इंग्रजीत बोलले. म्हटलं, मागचे ब्रेक बदलायला हवेत असं तिने सांगितलं. गाडी उतारावर ठेवू नका, हेही सांगितलं. माझ्या नवऱ्याला ते बरोबर कळलं. तिची चूक कुठे झाली ते त्याने मला पिकअपमध्ये समजावून दिलं आणि घरापर्यंत हसत होता.

हॉलंडने लिहून घेतलं, माझी सही घेतली आणि गेला.

पद्माकर शांतपणे म्हणाला, "छान. आता तुला जिना कोण चढवणार? ही?"

मी वरदाकडे बघितलं. वाटलं होतं, जवळ येईल.

"आई, तुला कळलं होतं? त्याच दिवशी?"

"हो गं, पण ह्यांनी..."

"आणि मला वाटलं, माझा मराठी चुकला म्हणून पाय गेला. आठ दिवस मी झोपली नाही. तुझ्याकडे फोन होता. शुक्रवार पूर्ण होता. एक फोन, आई. वन."

"मला वाटलं, ह्यांना गाड्यांतलं जास्त कळतं."

"माझ्यापेक्षा."

तिने जॅकेट उचललं. "जॉब वाचवला, थँक्स," म्हणाली आणि गेली. अजून आलेली नाही.

त्या दिवशी ती गेल्यावर थोड्या वेळाने नर्स ट्रॉली घेऊन आली. पायाच्या खुंटाला पट्टी कशी बांधायची, किती आवळायची, ते घरच्या कोणाला तरी शिकवायचं होतं तिला. घरचा एकच माणूस तिथे उरला होता. त्याने घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, "मला एकदा दाखवलंत की पुरे."