आतली कडी

आमच्या घरात एकही कोपरा काटकोनात नाही, हे मला फरशीवाल्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी ऐकवलं. त्याने भिंतीला ओळंबा लावला, जमिनीवर पाणसळ ठेवली, आणि डॉक्टर वाईट बातमी सांगताना करतात तसं तोंड केलं.

"काकू, ही भिंत वर जाता जाता बाहेर कलते. जमीन उतरते दाराकडे. म्हणजे आंघोळीचं पाणी थेट तुमच्या बैठकीत."

मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं."

"अंगण वाकडंच आहे," तो म्हणाला. "तरी नाचून दाखवतो. पण मागे घाई लावायची नाही."

हे घर आम्ही घेतलं तेव्हाच त्याने शंभरी ओलांडली होती. जाड भिंती, उंच खिडक्या, पावलागणिक कुरकुरणारी लाकडी जमीन आणि खाली अंधारं तळघर. न्हाणीघर वरच्या मजल्यावर. तिथेच हे पडले. हे म्हणजे माझे यजमान. नेहमीसारखी आतून कडी लावून आंघोळीला गेले, टबातून पाय बाहेर काढताना घसरले आणि कंबरेचं हाड मोडून बसले. कडी आतून, त्यामुळे दार फोडायला शेजारची माणसं बोलवावी लागली. तेव्हापासून हे शुश्रूषागृहात होते, चाकाच्या खुर्चीत.

डॉक्टर म्हणाले, घरी न्यायला हरकत नाही, पण न्हाणी तळमजल्यावर हवी. उंबरा नको, टब नको, खुर्ची सरळ आत गेली पाहिजे. दूरच्या गावी असलेल्या लेकीने फोनवर सांगितलं, "आई, त्याला वेटरूम म्हणतात. सगळी खोलीच भिजते आणि पाणी उताराने जाळीत जातं."

"म्हणजे मोरीच की गं!" मी म्हटलं. "जन्मभर मोरीतून बाहेर पडायला धडपडलो, आणि म्हातारपणी हौसेने परत मोरीत."

तळमजल्यावर माझी शिवणाची खोली होती. मशीन जिन्याखाली सरकवलं आणि खोली मिस्त्रीच्या ताब्यात दिली. ह्यांना घरी आणायचं, एवढं एकच डोक्यात होतं. मला एकटीने राहायची सवय नाही. मी बोलायचं आणि ह्यांनी "हं" म्हणायचं, असा आमचा संसार. आता बोलणं होतं तसंच चालू होतं, "हं" तेवढं येत नव्हतं.

मिस्त्री मोजकं बोलायचा. टाइल कापताना कानांवर जाडजूड झाकणं चढवायचा आणि मी दारात उभी राहून बोलत असायची. मशीन थांबलं की तो झाकण उचलून विचारायचा, "काही म्हणालात?" मी म्हणायची, "काही नाही." संध्याकाळी तो गेला की त्याच्या बुटांचे पांढरे ठसे त्या खोलीपासून पुढच्या दारापर्यंत उमटलेले असायचे. मी ते सकाळी, तो यायच्या जरा आधी झाडायची. संध्याकाळी झाडवत नसे. घरात कुणी येऊन गेलं, हे तेवढं तरी दिसायचं.

जमीन उखडून, फळ्या घट्ट करून, उतार काढून झाल्यावर त्याने सगळीकडे एक काळा थर फासला. तो वाळल्यावर जाळीत बोळा कोंबला, दाराशी छोटा बांध घातला आणि खोलीत चार बोटं पाणी भरलं. मग हत्यारं आवरायला घेतली.

"आता हे पाणी असंच राहू द्यायचं. अधूनमधून तळघरात जाऊन बघा, छताला ओल येत नाही ना."

"आणि तुम्ही?"

"मी काय पाण्याकडे बघत बसू?" तो म्हणाला आणि गेला.

ते पाणी आणि मी, असे दोघंच घरात राहिलो. मी बॅटरी घेऊन तळघरात जायची, वरच्या फळ्यांवरून हात फिरवायची. हात कोरडा. परत वर यायची. खरं सांगते, एकदा मनात आलं, थोडी ओल दिसली तर बरं होईल, त्याला फोन तरी करता येईल. मग माझी मलाच लाज वाटली. पाणी सोडायला तो परत आला तेव्हा माझ्या तोंडाचा पट्टा असा सुटला की त्याने काही कापायचं नसताना कानांवर झाकणं चढवली.

ह्यांना भेटायला जायची तेव्हा मी फोनमधले फोटो दाखवायची. पहिल्यांदा भिंतीला फिकट हिरव्या टाइल लावायला घेतल्या होत्या. ह्यांनी फोटो लांब धरून पाहिला. "हिरवी? आजाऱ्याची खोली वाटते." मिस्त्रीने कपाळाला हात लावला, लावलेली ओळ काढली, हिरवे खोके दुकानात परत गेले आणि राखाडी आले. मग हे म्हणाले, जमिनीची टाइल गुळगुळीत दिसते, पाय घसरेल. खरखरीत आणली. मग म्हणाले, खिडकीपाशी ओळ वाकडी दिसते.

"ओळ सरळ आहे, खिडकी वाकडी आहे," मिस्त्री म्हणाला. "आणि काकांना म्हणावं, उंटावरून शेळ्या हाकू नका. इथे येऊन बघा."

मीही ह्यांना तेच म्हटलं. हे म्हणाले, "बघू. आधी नीट होऊ दे."

नावडतीचं मीठ अळणी, असं मी हसत म्हणून टाकलं. परतीच्या बसमध्ये मात्र तो शब्द डोक्यातून जाईना. मी नावडती कधी झाले?

त्या शुश्रूषागृहात एक मदतनीस आहेत, माझ्यापेक्षा थोडे लहान. सगळे त्यांना मामा म्हणतात. न्हाणी पुरी व्हायला आली, त्या सुमारास एकदा मी ह्यांचे धुतलेले कपडे त्यांच्याकडे दिले आणि सहज विचारलं, "आंघोळीला त्रास देतात का हो फार?"

"काका? छे!" मामा म्हणाले. "सीटवर आपले आपण सरकतात. दांडा धरून बसतात. मी नुसती पाठ चोळतो. आणि गाणी काय म्हणतात! आम्ही सगळे बाहेर ऐकत असतो."

घरी ह्यांचं गाणं मी फक्त बंद दाराबाहेरून ऐकलेलं. तेही मी हाक मारली की थांबायचं. आणि इथे परका माणूस साबण घेऊन समोर उभा, तरी गाताहेत.

मी तडक ह्यांच्या खोलीत गेले. "घरी यायचं नाहीये का तुम्हाला? नसेल तर तोंडाने सांगा. राग भिंतीवर कशाला काढता?"

ह्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "त्या दाराला कडी नाही."

"कडी? कडीनेच तर घात केला! मुद्दाम नाही ठेवली. आणि हवी कशाला? आंघोळ घालायला मी आत असणारच आहे. माझ्यापुरतं एक बसायचंही करून घेतलंय भिंतीत."

"तेच," हे म्हणाले.

"काय तेच?"

"मामा दिवसभरात कितीजणांना आंघोळ घालतात. त्यांना मी कोण? मला त्यांची लाज वाटत नाही. तुझी वाटते."

"माझी? इतक्या वर्षांनी?"

"त्या दिवशी दार फुटलं तेव्हा अंगावर टॉवेलसुद्धा नव्हता. सगळे होते, पण मी फक्त तुझ्याकडे बघत होतो. तुझा चेहरा... आता घरी यायचं म्हणजे तुझं एक काम होऊन यायचं. सकाळी भांडी, मग मी."

"या वयात कसली लाज!" मी म्हटलं आणि पिशवी उचलून निघाले. बसमध्ये बसल्यावर रडू आलं. शेजारच्या बाईने सरकून मला खिडकीची जागा दिली. तेवढ्यानेही बरं वाटलं, इतकी मी कोरडी पडले होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री सांध्यांत पांढरा मसाला भरत होता. मी दारात जाऊन म्हटलं, "आतून कडी लावायची आहे."

त्याने हातातली पट्टी खाली ठेवली. लाकडाला पाणी लागून कुजू नये म्हणून त्याने दाराच्या अगदी कडेपर्यंत टाइल आणली होती. कडीचं घर आता त्या टाइललाच भोक पाडून बसवावं लागणार होतं. "हे आधी नाही सांगता आलं?" तो म्हणाला.

"आधी मलाच माहीत नव्हतं."

"तडकली तर जोडीची टाइल नाही. शेवटचा तुकडासुद्धा वापरला."

"तडकू दे."

"मग बाहेरून नाण्याने उघडणारी कडी आणा. तशी मिळते. काही झालं तर दार तरी फोडायला नको."

लेकही फोनवर हेच म्हणाली, फक्त ओरडून. दुकानात मी दोन्ही कड्या हातात घेतल्या. एक नाण्याने उघडणारी, एक साधी. नाण्याची लावली आणि ह्यांना सांगितलं, तर ती कडीच नव्हे. न सांगता लावली, तर कधीतरी मीच ती उघडली असती. मी मला ओळखते. साधी घेतली.

टाइल तडकलीच. मिस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाला, "तरी सांगत होतो." मग मला आठवलं, पहिल्या खोक्यातली एक हिरवी मी कुंडीखाली ठेवली होती. ती धुऊन आणली. सगळ्या राखाडी भिंतीत, कडीच्या खाली, तेवढी एक हिरवी बसली.

शेवटच्या दिवशी त्याने कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतलं. पाणी क्षणभर थबकलं आणि मग सगळं निमूट जाळीकडे गेलं. "नाचून दाखवलं की नाही?" तो म्हणाला. त्याने खोली पुसली, बैठक पुसली, पुढच्या दारापर्यंतचे स्वतःचे ठसेही पुसले आणि गेला. त्या संध्याकाळी मी केरसुणी हातात घेऊन उभी राहिले, आणि झाडायला काही नव्हतं.

ह्यांना फोन केला. "कडी लावलीय," एवढंच म्हटलं आणि ठेवून दिला. मीच फोन आधी ठेवला, असं आमच्यात पहिल्यांदाच झालं असेल.

पुढच्या आठवड्यात मामा ह्यांना दुपारपुरते घेऊन आले. नुसतं बघायला, असं ठरलं होतं. हे खुर्ची ढकलत सगळीकडे फिरले. भिंतीवर तळवा टेकवला, दांडा हलवून पाहिला, खिडकीपाशी मान वाकडी करून ओळ निरखली. मग दारापाशी थांबले.

"ही हिरवी इथे कशी?"

"तुम्हीच नापसंत केलेली. कुंडीखाली होती."

"बरी दिसते की."

मी जीभ चावली. ह्यांनी कडी सरकवली, काढली, परत सरकवली. "बाहेरून उघडते?"

"नाही."

"आणि पुन्हा पडलो तर?"

"पुन्हा दार फोडू. यावेळी आधी टॉवेल टाकीन, मग बघीन."

ह्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "जमेल मला," म्हणाले. "पण बाहेरून हाका मारायच्या नाहीत."

"नाही मारणार."

मामा म्हणाले, मी गाडीत बसतो, लागलं तर बोलवा. ह्यांची खुर्ची आत गेली. उंबरा नव्हताच, चाकांचा आवाजही आला नाही. दार लागलं. कडी सरकली.

मी शिवणाच्या मशीनचं स्टूल ओढून दाराबाहेर बसले. खुर्चीचा खटका ऐकू आला. मग दांडा धरल्याचा आवाज, मग सीटवर बसल्याचा. पाणी सुरू झालं. मी मांडीवर हात ठेवून बसले. गाणं नव्हतं.

मग पाणी थांबलं.

मी वाट पाहिली. साबण लावत असतील. साबण लावायला किती वेळ लागतो? आतून काहीच येईना. त्या दिवशीही वर असंच झालं होतं, आधी पाणी थांबलं आणि मग नुसती शांतता. जिभेवर "अहो" येऊन बसलं. मी दोन्ही हातांनी तोंड धरलं. मीच आणलेली कडी, मीच पारखून घेतलेली, आणि आता मी तिच्या या बाजूला. आयुष्यात इतकी एकटी मी कधी नव्हते, हे पडले तेव्हासुद्धा नाही. तेव्हा निदान ओरडता येत होतं.

"अगं."

"काय?" मी इतक्या घाईने म्हटलं की लाजले.

"आहेस ना तिथे?"

"आहे."

"मग गप्प का? बोल ना काहीतरी."

माझ्यासारखीला सुचेना. मग मी सुरुवात केली. ओळंबा सांगितला, भिंत कशी बाहेर कलते ते सांगितलं, खोलीत चार बोटं पाणी भरून मिस्त्री कसा निघून गेला ते, तळघरात छत चाचपत हिंडले ते, आणि ओल दिसावी असं एकदा वाटलं, तेही. आत पाणी पुन्हा सुरू झालं होतं. त्या आवाजात ह्यांना किती ऐकू जातंय, मला कळत नव्हतं. मी डोळे पुसले आणि त्याच सुरात, मध्ये न थांबता, विचारून टाकलं, "मामांना सांगू का, तुमचं सामान इकडे पाठवून द्या म्हणून?"

पाणी पडत राहिलं. मी दाराला कान लावला.

"हं."