एका परातीतले पाच डबे

आमच्या गल्लीतली पाच घरं मिळून किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालतात. नोव्हेंबर संपत आला की शंभरावर कोबी येतात. आदल्या दिवशी ते मिठात निजवायचे, पहाटे तीनदा धुवायचे आणि मग मालसुकताईंच्या अंगणात लाल रबरी परातीभोवती पाचजणींनी बसायचं. चिरायला सगळ्या, धुवायला सगळ्या, पण मसाला कालवणारा हात एकच. गेली बावीस वर्षं तो हात माझा आहे. मिरचीपूड किती, खारवलेला जवळा किती, कुठे थांबायचं हे मी ठरवते. बाकीच्या फक्त आ करतात आणि मी एकेक पान गुंडाळून त्यांच्या तोंडात कोंबते.

माझ्याआधी तो मान मालसुकताईंचा होता. एका वर्षी त्यांना जिभेवर खारट कळेनासं झालं. कुणाला काही न बोलता त्यांनी रबरी हातमोजे उतरवले आणि माझ्या मांडीवर टाकले. "ग्यूबोमची आई, घाल," एवढंच म्हणाल्या. आमच्या मोक्पो शहरात बाईच्या अंगावर दागिना नसला तरी चालतं, पण हाताला चव नसली तर तिला कोणी विचारत नाही. मला त्या दिवशी मिळाला तेवढा मान लग्नातही मिळाला नव्हता. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे एका फ्रिजसाठी मी भर बाजारात तमाशा का केला ते कळेल.

किमचीचा फ्रिज आमच्याकडे वेगळाच असतो. माझा जुना उन्हाळ्यात गेला. मासळी बाजारात पहाटे उठून मासे साफ करते मी, त्यातून साठवलेल्या पैशांत बाजारपेठेतल्या प्यो शेठच्या दुकानातून नवा घेतला. किमचीच्या आदल्या दिवशी तो घरी आला. दारावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘आवरण फाडल्यास माल परत घेतला जाणार नाही.’ हमालांनी कागद पुढे केला, मी सही ठोकली. आवरण न फाडता फ्रिज वापरायचा कसा, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात कोबी होते.

आठव्या दिवशी मी डब्याचं झाकण उघडलं आणि आंबट वाफ नाकात गेली. रसाला बुडबुडे आले होते. जी किमची मार्चमध्ये अशी लागावी, ती आठवड्यातच म्हातारी झाली होती. दारावर निळ्या आकड्यांत उणे एक लखलखत होतं. यंत्र खोटं बोलत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. मी माझ्या हातांकडे पाहिलं.

मीठ कमी पडलं. दुसरं काय असणार? साठी उलटली, आता ताईंसारखंच माझंही झालं. मी झाकण लावलं आणि कोणालाही कळू द्यायचं नाही असं ठरवलं. रोज थोडी किमची काढायची, डुकराच्या मांसात घालून उकळायची आणि आंबट रस्सा एकटीने ओरपायचा. वास घरात कोंडू नये म्हणून थंडीतही खिडक्या उघड्या ठेवायच्या. एकदा गल्लीत मालसुकताई भेटल्या.

"काय गं, तुझी कशी मुरतेय?"

"मस्त, ताई."

"मग डबाभर आण की कधी. का मोजून खातेस?"

मी हसून वेळ मारून नेली. असे तेरा दिवस मी चोरासारखे काढले. इतर चौघींचीही बिघडली असणार, त्या माझा मान ठेवून गप्प बसल्यात, असंही वाटायचं. एकीकडेही जाऊन चाखायची छाती झाली नाही.

एकविसाव्या दिवशी मालसुकताई स्वतःच दारात आल्या. हातात उकडलेल्या मांसाची ताटली, वर त्यांच्या डब्यातली किमची. "मुलगा आलाय, जास्त झालं," म्हणाल्या आणि गेल्या. मी दार लावलं आणि उभ्या उभ्याच एक घास घेतला.

कुरकुरीत. थंडगार. मीठ जिथल्या तिथे, मागून जवळ्याची चव, शेवटी नाकात जाणारी मिरची. माझीच किमची होती ती, एकाच परातीतली, याच हाताची. मी ताटली धरून रडले आणि रडता रडताच मला संताप आला.

बाजारातला थर्मामीटर पिशवीतच होता, मासळीच्या पेट्यांत खुपसतो तो. फ्रिजमध्ये ठेवला, दार लावलं, जेवण उरकलं. दारावर उणे एक. आत अकरा. मी दोन्ही आकड्यांचा फोटो काढला.

सकाळी प्यो शेठच्या दुकानात गेले आणि किमची कशी बिघडली ते सांगितलं. शेठ पंचेचाळिशीचा, गोड बोलणारा, प्रत्येकीला काकू म्हणणारा.

"काकू, चिठ्ठी वाचली नव्हती का? आवरण फाडलंत ना?"

"फाडलं. चालत नाही ते फाडल्यावरच कळलं."

"आकडा उणे एक दाखवतोय म्हणता, मग यंत्र ठणठणीत आहे. तुमचा तो मासळीचा थर्मामीटर, त्याचं काय घेऊन बसलात?" मग आवाज खाली आणायच्या ऐवजी त्याने वर चढवला. "मीठ कमी पडलं असेल, काकू. वय झालं की हाताचा अंदाज चुकतो. त्यात लाजायचं काय?"

दुकानात तीन बायका भाताचे कुकर बघत होत्या. त्यांतली एक चुकचुकली. त्याने थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं.

मग त्याने टेबलावर साबणपुडीचे दोन खोके ठेवले आणि एक कागद सरकवला. साठवणीतल्या चुकीमुळे पदार्थ खराब झाला, ग्राहकाची तक्रार नाही. खाली सहीची रेघ. आणि खरं सांगू? पेन मी उचललं होतं. तो जे बोलत होता तेच मी स्वतःला तेरा दिवस ऐकवलं होतं. पण तोंडात आदल्या दिवशीची चव अजून होती. मी पेन खाली ठेवलं.

"शेठ, ही पूड तुम्हीच ठेवा," मी म्हटलं. "जीभ धुवायला लागेल."

दुपारी बाजाराच्या मागच्या नळाशी उभी राहून मी सरकारी ग्राहक मदतीला फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी, राजधानीतलं स्वच्छ बोलणं.

"आवरण फाडलं म्हणून सदोष वस्तूची जबाबदारी टळत नाही," ती म्हणाली. "चिठ्ठी दुकानदाराची आहे. नियम त्याच्या वर आहेत. किती दिवस झाले घेऊन?"

"बावीस."

"दहा दिवसांत कळवलं असतं तर पैसेही परत मागता आले असते. पण महिना झालेला नाही. फ्रिज बदलून मागता येईल, निदान फुकट दुरुस्ती तरी. दोष यंत्राचा आहे हे दाखवा, तारखा घालून लेखी द्या आणि त्यांनी पुढे केलेल्या कशावरही सही करू नका. दोष कधी लक्षात आला?"

"आठव्या दिवशी."

"मग तेव्हाच का नाही कळवलंत?"

"लाज वाटली."

"कशाची?"

त्या पोरीला काय सांगणार? मी म्हटलं, "मला वाटलं, माझा हात बिघडला."

"मावशी," ती म्हणाली, आणि तिचं ते स्वच्छ बोलणं एकदम घरचं झालं, "बिघडलं होतं ते यंत्र."

लेखी तक्रार त्याच संध्याकाळी लिहिली. फोटो होते, पावती होती. पण दोष यंत्राचाच, हाताचा नाही, हे दाखवायला माझ्याकडे एकच पुरावा होता आणि तो चार घरांत वाटलेला होता. तो मागायचा तर आधी खोटं बोलले ते कबूल करावं लागणार.

मालसुकताईंच्या ओसरीवर चौघी जमल्या. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. मग ताईंनी हातातला लसूण सुपात आपटला.

"तेरा दिवस रस्सा ढोसत बसलीस?"

"हो, ताई."

"आणि मला विचारावंसं नाही वाटलं? अगं भवाने, तो हात निवडला कोणी? मी! माझी जीभ गेली, अक्कल नाही गेली. तुझ्या हातावर संशय म्हणजे माझ्या निवडीवर संशय. तू घेतलास तो घेतलास, आता तो कुकरवाला घेतोय?" त्या उठल्याच, बाकीच्या तिघींकडे वळल्या. "हेगम, तुझा डबा आण. सगळ्या आपापला आणा. उद्या आठवडी बाजार आहे ना? छान. गर्दी असेल."

मालसुकताई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या पुढे चालत होत्या.

आम्ही प्यो शेठच्या टेबलावर पाच डबे ओळीने मांडले. प्रत्येकीने झाकणावर आपलं नाव लिहिलं होतं, पण झाकणं काढून बाजूला ठेवली. वास दरवाजाबाहेर गेला आणि बाजारातली माणसं आत डोकावू लागली.

"हे काय, काकू? दुकान आहे हे," शेठ म्हणाला.

"म्हणूनच आलो," मालसुकताई म्हणाल्या. "तू हिच्या मिठाबद्दल बोललास ना? चाखूनच बोल."

"मला जरा काम..."

"तुला नसेल वेळ तर तुझ्या आईला बोलव. मोकळीच बसलीय ती."

दुकानाच्या मागच्या खोलीत शेगडीशेजारी त्याची आई सुकी मासळी निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं. मुलाकडे न बघता ती पुढे आली, चॉपस्टिक घेतल्या आणि पहिल्या डब्यातलं पान तोंडात टाकलं. मग दुसऱ्या. तिसऱ्या. चौथ्या.

"एका हाताची आहे," ती म्हणाली.

"मीठ?" मी विचारलं.

"चोख."

पाचवं पान तोंडात गेलं आणि तिचं तोंड आंबट झालं. पण तिने थुंकलं नाही. सावकाश चावत राहिली.

"हीसुद्धा त्याच हाताची. मीठ कमी असतं तर हिचा लगदा झाला असता. देठ अजून दाताखाली बोलतोय." तिने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "हिला ऊब लागलीय. कुठे ठेवली होती गं?"

"तुमच्या मुलाने विकलेल्या फ्रिजमध्ये," मी म्हटलं आणि दोन आकड्यांचा फोटो व तक्रारीचा कागद तिच्यासमोर धरला. "दारावर उणे एक. आत अकरा."

म्हातारीने फोटो पाहिला, मग मुलाकडे पाहिलं. परत मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. शेठचे कान लाल झाले.

"बरं बरं, काकू. आपली जुनी ओळख. तुमच्यासाठी म्हणून खास बदलून देतो." त्याने भराभर कागदावर लिहिलं आणि माझ्याकडे वळवलं. ‘ओळखीखातर, सद्भावनेने.’

"ओळखीखातर नको," मी म्हटलं. "लिहा, यंत्र सदोष होतं."

"अहो, फ्रिज मिळतोय ना? शब्दाने काय फरक पडतो?"

"काहीच फरक पडत नसेल तर लिहायला काय जातंय?"

दारातली माणसं हसली. कुकर बघताना चुकचुकलेली ती बाईही आज गर्दीत होती, तीही हसली. शेठने आधीची ओळ खोडली आणि लिहिलं. मी म्हटलं, वाचून दाखवा. त्याने पुटपुटत वाचलं. मालसुकताई म्हणाल्या, "मला ऐकू कमी येतं." त्यांना सुई पडलेली ऐकू येते. शेठने पुन्हा मोठ्याने वाचलं, "यंत्र सदोष होतं. ग्राहकाची चूक नाही."

दोन दिवसांनी नवा फ्रिज आला. तेच दोन हमाल, तीच पिवळी चिठ्ठी, तोच कागद. मी आवरण टराटरा फाडलं, फ्रिज सुरू केला, आत थर्मामीटर ठेवला आणि दार लावलं.

"सही, काकू," एक हमाल म्हणाला.

"आकडा खाली आला की."

"त्याला तास-दोन तास लागतील!"

"मग बसा. जेवला नसाल."

चौघी शेजारणी आपापल्या डब्यांतली थोडी थोडी किमची घेऊन आल्या होत्या. नव्या फ्रिजमध्ये माझा डबा त्यांनी भरायचा असं ताईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी गरम भात वाढला. हमाल आधी कुरकुरले, मग गप्प खाऊ लागले. थर्मामीटर सातवर आला, चारवर आला. शून्याखाली गेला तेव्हा मी कागदावर सही केली आणि वर तारीख, वेळ आणि आतलं तापमान लिहिलं.

त्यांतला थोरला अजून उठला नव्हता. त्याने वाटी पुढे केली.

"काकू, अजून थोडी मिळेल? कोणाच्या हातची आहे ही?"

मालसुकताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. मी त्यांना बोलू दिलं नाही.

"माझ्या," मी म्हटलं आणि त्याची वाटी भरली.