चिमाजींचा एकच शब्द

चिमाजींनी मोटरीचा शेवटचा नट आवळला, स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं आणि पाइपातून पाणी फुटताच ते ओरडले, "सेट!"

येडगावात मोटरी दुरुस्त करणाऱ्या या माणसाला इंग्रजीतला एवढाच शब्द यायचा, पण तेवढ्यावर त्यांनी अख्खा संसार रेटला होता. विहिरीवरचा पंप म्हणजे सेट आणि तोंडातली नवी कवळीही सेट. दही विरजलं की सेट, टोमॅटोच्या रोपानं मूळ धरलं की सेट. वैशाखात मुलाचं, सुभाषचं लग्न जमलं तेव्हा मांडीवर थाप मारून ते पाहुण्यांसमोर हेच म्हणाले होते.

अडलं ते सून आल्यावर. वृषाली कामाला वाघ, बोलायला गोड. पण दुपारी मागच्या दारी बसून एसटीच्या रस्त्याकडे बघत राही. सुभाष चाकणला कंपनीत, आठवड्यातून एक दिवस घरी. पोर इथं रुळली का, हे विचारायला चिमाजींची जीभ रेटत नसे. "काय गं, सेट ना?" एवढंच ते म्हणत. ती "हो मामा" म्हणे, आणि विषय तिथंच संपे.

आज तिचा भाऊ ऋषी पिंपरी पेंढारहून तिला न्यायला आला होता. नव्या नवरीनं पहिला आखाड माहेरी काढायचा, महिनाभर. चिमाजी हात न धुताच घरी आले. दारात तीन पिशव्या भरलेल्या दिसल्या. महिन्याला कशाला लागतात तीन पिशव्या? गेल्या साली शेजारच्या गेणूची सून अशीच आखाडाला गेली, ती परत आलीच नव्हती.

ऋषी पिशव्या उचलून पुढं गेला.

"समदं से..." चिमाजी अडखळले. ग्रीसचे हात लेंग्याला पुसत राहिले. "पोरी, खरं सांग. हितं करमतं का गं तुला?"

वृषालीनं पदर सारखा केला.

"न्हाई मामा. अजून न्हाई."

चिमाजींना वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. पोर पहिल्यांदाच त्यांच्याशी खरं बोलली होती.

"मंग ऱ्हा निवांत. घाई करू नगं."

तिनं चपला घातल्या, अंगण ओलांडलं आणि मागं वळली.

"मामा, आठ दिवसांनी न्यायला या."

"आखाड सरायच्या आत सून आणत न्हाईत गं. लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या." ती खाली बघत म्हणाली, "आता तिथंबी करमायचं न्हाई."